चुन्याच्या भट्टीपाशी कॅमेरा थांबत नाही

परवा शनिवारी मंडळाच्या खोलीत 'अपोकॅलिप्टो' लावला होता. भिंतीला पांढरी चादर, एकाचा लॅपटॉप, दुसऱ्याकडून मागून आणलेला प्रोजेक्टर. पहिली पाळी करून, आंघोळ उरकून मी पोचलो तेव्हा खोली भरलेली होती. पोरं दारात उभी. सिनेमा २००६ सालचा, म्हणजे नवा नव्हे. दिग्दर्शक मेल गिब्सन. पडद्यावर सगळी भाषा युकातेक माया आणि खाली इंग्रजी अक्षरं. मी रात्रशाळेचं तोंडही न पाहिलेला माणूस. इंग्रजी अक्षर लावत लावत शिकलो. अर्धं मला कळत होतं, अर्धं शेजारचा कॉलेजवाला कानात सांगत होता.

मधे एक प्रसंग येतो. उंच मनोऱ्यावर पुजारी उभा. खाली हजारो लोक आरडताहेत. निळा रंग फासलेल्या कैद्यांना एकेक करून दगडावर आडवं पाडतात, छाती फाडून काळीज काढतात, मुंडकं पायऱ्यांवरून खाली सोडतात. मग सूर्याला ग्रहण लागतं. लोक घाबरतात. पुजारी मात्र घाबरत नाही. तो राजाकडे बघतो, राजा त्याच्याकडे बघतो, आणि त्या नजरेत सगळं उघडं पडतं. ग्रहण सुटणार हे त्याला आधीच ठाऊक आहे. देव तृप्त झाला असं तो वरून ओरडून सांगतो, आणि खाली सगळे माना डोलावतात.

आमच्या खोलीत शिट्ट्या पडल्या. "भट साला, इथं पण भटच!" असं कुणीतरी ओरडलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवली. खोटं कशाला बोलू, जोरात वाजवली.

शेवटी समुद्रावर गलबतं येतात. होडीतून माणसं किनाऱ्याकडे येतात आणि त्यातल्या एकाच्या हातात क्रूस असतो. खोली गप्प झाली. दिवा लावल्यावर कुणी म्हणालं, "बरं झालं आले. असल्या संस्कृतीचं हेच व्हायला पाहिजे होतं."

रात्री घरी जाताना तेच वाक्य डोक्यात राहिलं. मघाशी मी टाळी वाजवली ती बळीच्या बाजूनं. पण ती टाळी शेवटी जमा कुणाच्या खात्यात झाली? हा लेख त्या हिशेबासाठी आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जंगलात एक वाडी. शिकार करणारी, एकमेकांची चेष्टा करणारी, रात्री जाळाभोवती बसून गोष्ट ऐकणारी माणसं. 'जग्वारचा पंजा' नावाचा तरुण, त्याची गरोदर बायको, लहान मुलगा, बाप. एक दिवस जंगलातून दुसऱ्याच वाडीची उद्ध्वस्त माणसं जाताना दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावर भीती. बाप पोराला सांगतो की भीती हा रोग आहे, तो घरात आणू नकोस. दुसऱ्या पहाटे वाडीवर धाड पडते. घरं पेटतात. बायको-पोराला हा कोरड्या खड्ड्यात उतरवून लपवतो, स्वतः सापडतो. डोळ्यांदेखत बापाचा गळा चिरतात. मग गळ्यात दोर, बांबूला बांधलेली माणसांची रांग, आणि शहराकडे चाल. शहरात बायकांचा बाजार, पुरुषांचा बळी. ग्रहणामुळे हा वाचतो, पळतो, आणि पुढचा सगळा सिनेमा म्हणजे पळणं. मागं झिरो वुल्फ आणि त्याची टोळी, पुढं जंगल. धबधबा, चिखल, गांधीलमाश्या, बेडकाचं विष. तिकडं पावसानं खड्डा भरत चाललेला आणि त्यात बायको बाळंत होते.

सिनेमा रटाळ नाही. दोन तासांत कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. आणि काही गोष्टी त्यानं खऱ्या पकडल्यात, त्या आधी सांगितल्या पाहिजेत. नुसती शिवी घालायची ही समीक्षा नव्हे.

पहिली गोष्ट, बांधलेल्या माणसाच्या डोळ्यांनी शहर दाखवलंय. प्राचीन संस्कृतीचे सिनेमे आपण बघतो तेव्हा कॅमेरा राजाच्या खांद्यावर बसलेला असतो. महाल, दागिने, मिरवणूक. इथं गळ्यात दोर असलेला माणूस मान वर करतो आणि त्याला तो मनोरा दिसतो. ज्याच्या पायऱ्यांवरून मुंडकी घरंगळतात, त्या शिल्पकलेचं कौतुक करायला त्या माणसाला सवड नसते. एवढं या सिनेमाला कळलंय.

दुसरी, बाजारातली म्हातारी. सगळ्या बायका विकल्या जातात. एका म्हातारीला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून तिचा दोर काढून तिला सोडून देतात. ती उभीच राहते. समोर बांधलेला जावई. गावात असताना तिनं त्याला पोर होत नाही म्हणून घालूनपाडून बोललेलं असतं. आता दोघं एकमेकांकडे बघतात. किंमत नाही म्हणून मिळालेली सुटका कशी असते, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

तिसरी, भाषा. ज्या लोकांच्या पोथ्या दिएगो दे लांदा या पाद्र्यानं १५६२ साली मानी या गावी आगीत टाकल्या, त्यांची भाषा सव्वादोन तास पडद्यावर चालते. स्पेनच्या लोकांनी जाळून उरलेल्या मायांच्या जुन्या पोथ्या आज फक्त चार आहेत. त्यातल्या तिघी ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस या युरोपातल्या शहरांच्या नावानं ओळखल्या जातात. लेकरं आपली आणि नावं सावकाराची. त्या भाषेचा आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पण हेही लक्षात ठेवा, संवाद आधी गिब्सन आणि त्याचा जोडीदार फरहाद सफिनिया यांनी इंग्रजीत लिहिले आणि मग मायात उतरवले. तोंड त्यांचं, बोलणं दुसऱ्याचं. हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता चौथी गोष्ट, ज्यासाठी मी लिहायला बसलो. कैद्यांची रांग शहराजवळ येते तेव्हा वाटेत चुन्याच्या खाणी-भट्ट्या लागतात. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. ओझी वाहताहेत, दगड फोडताहेत. एक जण खोकतो. त्याच्या मागं झाडं तोडून उजाड झालेली जमीन. अर्धं मिनिटही नसेल. कॅमेरा पुढं सरकतो, कारण त्याला मनोऱ्यावर पोचायची घाई आहे.

मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे. पाळी सुटते तेव्हा आम्हीही असेच पांढरे असतो. भुवया, कानाची पाळी, नाकातली लव, सगळीकडे कापसाची धूळ. नाकाला फडकं बांधा म्हणतात, बांधलं तर गरमीनं जीव गुदमरतो. माझ्या आधी त्या मशिनवर जो होता तो सोमवारी जास्त खोकायचा. सुट्टीनंतर छाती आवळते असं म्हणायचा. एक दिवस आला नाही. त्याच्या जागी मला बदली म्हणून घेतलं, पुढं कायमची पाळी दिली. त्यामुळं पडद्यावरचा तो पांढरा माणूस खोकला तेव्हा खोलीत एकट्या माझं लक्ष मनोऱ्यावर नव्हतं.

त्या चुन्यामागं खरा इतिहास आहे. माया लोक चुनखडी भाजून चुना करत आणि मनोऱ्यांना, चौकांना, रस्त्यांना त्याचा गिलावा देत. भट्टीला ओलं लाकूड लागे, ढिगानं. या सिनेमाचे सल्लागार होते रिचर्ड हॅन्सन. त्यांनी ग्वाटेमालातल्या एल मिरादोर या फार जुन्या शहराचं उत्खनन केलंय. त्यांचं म्हणणं असं की गिलाव्याचे थर जाड होत गेले, जंगल भट्टीत गेलं, माती वाहून गेली, शेती बसली आणि शहर मेलं. म्हणजे राजाच्या भपक्यापायी मका गेला. बळीच्या प्रसंगापेक्षा हे भयंकर आहे. यात काळीज एकदम काढत नाहीत, रोज थोडं थोडं काढतात. पण यावर सिनेमा निघत नाही. अर्ध्या मिनिटाचं दृश्य निघतं.

आता सिनेमाच्या लबाड्या.

एल मिरादोर ओस पडलं सुमारे इसवी सन १५० च्या सुमारास. तिकालसारखी उंच मनोऱ्यांची दक्षिणेकडची शहरं नवव्या-दहाव्या शतकात रिकामी झाली. स्पेनची गलबतं आली सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. सिनेमानं हे सगळं एका आठवड्यात कोंबलंय. चुन्याची भट्टी पहिल्या काळातली, पडझड दुसऱ्या काळातली, जहाज तिसऱ्या काळातलं. आपल्याकडे कुणी अशोकाचा स्तंभ, पेशव्यांचा दरबार आणि व्हिक्टोरिया टर्मिनस एका दिवसात दाखवलं तर शाळेतलं पोरही हसेल. मायांच्या बाबतीत हसायला कुणी नाही, कारण त्यांचा इतिहास आपल्याला कुणी शिकवलाच नाही.

मग, ही जंगलातली माणसं. फक्त शिकार करतात, शेती नाही, आणि दोन दिवसांच्या वाटेवर एवढं मोठं शहर आहे हे त्यांना ठाऊकच नाही! माया म्हणजे मक्याचे शेतकरी. २०१८ साली विमानातून लेझर सोडून ग्वाटेमालाच्या पेतेन जंगलाची मोजणी जाहीर झाली, तेव्हा झाडांखाली ६०,००० हून जास्त बांधकामं दिसली. घरं, शेतांचे बांध, कालवे, रस्ते. ज्याला आपण रान म्हणतो ते एके काळी माणसांनी गच्च भरलेलं होतं. पण सिनेमाला दोनच माणसं हवी असतात. एक भोळा रानातला, दुसरा क्रूर शहरातला. भोळा म्हणून कौतुक करायचं आणि माणूस म्हणून अक्कल नाकारायची, ही युक्ती आपल्याकडच्या आदिवासींवर किती वर्षं चाललीय ते आठवा.

आणि ते शहर. त्यात कुणी लिहिताना दिसत नाही, मोजताना दिसत नाही. ज्यांनी शून्याला खूण दिली, ज्यांच्या ड्रेस्डेन पोथीत शुक्राचे आणि ग्रहणांचे तक्ते आहेत, त्यांचं गणित सिनेमात फक्त पुजाऱ्याच्या लबाडीपुरतं उरतं. माया बळी देत होते का? देत होते. ते झाकायचं नाही. बोनाम्पाकच्या भिंतीवर सुमारे ७९० सालची चित्रं आहेत, त्यात कैद्यांच्या बोटांतून रक्त गळतंय. पण शिल्पांत आणि लेखांत ज्यांचा बळी दिसतो ते बहुतेक लढाईत हरलेले राजे-सरदार आहेत. सिनेमातला रोजचा कारखाना, ती प्रेतांनी भरलेली शेतं, हे प्रमाण मायांचं नव्हे, असं अभ्यासकांनी सिनेमा आला तेव्हाच सांगितलं. ग्वाटेमालातल्या माया कार्यकर्त्यांनीही आक्षेप घेतला.

इथं आपल्यातला कुणी म्हणेल, "काय रे, तू त्यांच्या पुजाऱ्याची वकिली करतोस? आपल्याकडे पण म्हणतात, बळी प्रतीकात्मक होता, वर्ण गुणांवर होते, सगळं सोन्याचं होतं."

नाही दोस्ता. मी कुठल्याच पुजाऱ्याची वकिली करत नाही. प्राचीन म्हटलं की मान झुकवायची सवय आपण मोडलेली आहे. पण मान झुकवायची नाही म्हणजे दुसऱ्यानं दिलेला दगड उचलून मारायचा असंही नाही. दगड कुणाच्या हातून आला ते बघावं लागतं.

सिनेमाच्या सुरुवातीला विल ड्युरांट या इतिहासकाराचं एक वाक्य झळकतं. मोठी संस्कृती आतून पोखरल्याशिवाय बाहेरून जिंकली जात नाही, असा त्याचा मतलब. हे वाक्य वाचून मला लगेच २५ नोव्हेंबर १९४९ आठवला. त्या दिवशी घटना समितीत बाबासाहेबांनी हेच तर विचारलं. देशानं स्वातंत्र्य एकदा आपल्याच माणसांच्या फितुरीनं गमावलं, सिंधमध्ये दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच खाल्ली, पुन्हा तसंच होणार का? म्हणजे विचार जवळपास तोच. मग फरक कुठं?

फरक असा की बाबासाहेब ते आपल्याच लोकांना सुनावत होते, मिळालेलं स्वातंत्र्य टिकावं म्हणून. पुढं लोकशाही, समता, बंधुता यांची जबाबदारी अंगावर टाकत होते. गिब्सन ते दुसऱ्याच्या प्रेतावर लिहितो आणि लगेच गलबत आणतो. पोखरलेलं होतं, म्हणून पडलं. पाडणाऱ्याचं नाव गळालं. त्यानंतर काय झालं, देवी आणि गोवरच्या साथीनं गावंच्या गावं कशी ओस पडली, पोथ्या कशा जळल्या, जमिनी कुणाच्या झाल्या, ते सिनेमा संपल्यावर घडतं. म्हणून ते दिसत नाही. गिब्सननं त्या काळात बळीची तुलना इराकमध्ये विनाकारण पाठवलेल्या सैनिकांशी केली होती, हे खरंय. असेल त्याच्या मनात. पण पडद्यावर इराक नाही, माया आहेत, आणि मार त्यांनाच बसतो.

पुजारी आणि क्रूस यांच्यात निवड करायची सक्ती आपल्यावर नाही. १९५६ साली नागपुरात आपण तिसरा रस्ता घेतला तो याच मातीतला, आणि विचार करून घेतला.

आता पळण्याबद्दल. 'जग्वारचा पंजा' आपल्याला आपला वाटतो याला कारण आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडलं की अस्पृश्य म्हणजे मुळात पराभूत टोळ्यांतली फुटून पडलेली माणसं, दुसऱ्यांच्या गावाच्या वेशीबाहेर राहिलेली. सिनेमाच्या सुरुवातीला जंगलातून जाणारी ती उद्ध्वस्त वाडीची माणसं बघा. हातात मासे, चेहऱ्यावर भीती, कुणाची तरी परवानगी मागत पुढं सरकणारी. तीच ती फुटलेली माणसं. मला वाटलं, सिनेमा आता त्यांच्या मागं जाईल. नाही गेला. ती झाडांत दिसेनाशी झाली.

सिनेमा एकाच्याच मागं गेला. त्याच्याबरोबर बांधलेले बाकीचे कुठं गेले? त्या विकलेल्या बायका? चुन्यातली माणसं? वाडीतली मागं राहिलेली पोरं? ती पोरं नदीपर्यंत रडत येतात, तिथंच सुटतात. आमच्या मंडळातली एक ताई म्हणाली, "ती बाई खड्ड्यात पोराची जखम मुंग्यांचे डोळस चावे लावून शिवते, गळ्यापर्यंत पाणी आल्यावर बाळंत होते, आणि सिनेमाभर नाव मात्र याच्या पळण्याचं." तिनं एका वाक्यात जे सांगितलं ते मला चार पानांत सांगता आलं नाही.

शेवटी तो गलबतं बघतो आणि बायकोला म्हणतो, आपण जंगलात जाऊ, नवी सुरुवात करू. एक पुरुष, एक बाई, दोन पोरं. बास. माणूस वाचला, गाव गेलं तरी चालेल.

पण खरे माया असे वाचलेले नाहीत. पेतेनच्या तळ्यातल्या बेटावर इत्झा मायांचं नोहपेतेन हे शहर १६९७ पर्यंत उभं होतं. पहिली गलबतं आल्यावर दीड शतकाहून जास्त. पळून नव्हे, टिकून. १८४७ साली युकातानमध्ये माया शेतमजूर उठले. त्यांनी चान सांता क्रूझ हे आपलं ठाणं वसवलं आणि १९०१ पर्यंत राखलं. इतिहासात त्या लढ्याचं नाव आहे 'गेरा दे कास्तास', म्हणजे जातींचं युद्ध. हाच 'कास्ता' शब्द पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला आणि आपल्या जातीला लावला. त्यातूनच इंग्रजीतला 'कास्ट' झाला. दोन किनारे, एकच डाग.

आणि हे फार जुनं नाही. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ गृहयुद्ध चाललं. १९९९ च्या सत्यशोधन आयोगानं दोन लाखांहून जास्त माणसं मारली किंवा नाहीशी केली गेली असं सांगितलं. ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया. वाड्या पेटवल्या त्या कुठल्या पुजाऱ्यानं नव्हे, देशाच्याच लष्करानं. तिथंही माणसं जंगलात गेली, पण एकटी नाही. १९७८ साली शेतमजुरांची एकजूट समिती उभी राहिली होती. त्यातूनच रिगोबेर्ता मेंचू पुढं आल्या आणि १९९२ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. धाड, आग, बापाचा मृत्यू, जंगल, सगळं त्यांच्या आयुष्यात आहे. फक्त त्यांच्या गोष्टीत बाकीची माणसं रांगेतून गळत नाहीत.

आता हे सगळं मी गिब्सनला ऐकवून उपयोग काय? तो हे पान वाचणार नाही. हे मी आपल्याला, आणि आधी मला ऐकवतोय.

माझ्या वहीत चाळीसेक कविता आहेत. त्यातल्या तीन-चार याच अंकांतून तुम्ही वाचल्यात. परवा रात्री त्या काढून बसलो. प्रत्येकीत एक 'मी' आहे. तो पेटलेला आहे, रक्ताळलेला आहे, शहर जाळायला निघालेला आहे. आणि तो एकटा आहे. त्याच्या मागं-पुढं कुणी नाही. कार्डिंग खात्यातला खोकणारा माणूस माझ्या एकाही कवितेत नाही. त्याची बायको नाही, जी त्याच्या हिशेबासाठी महिनाभर गेटवर येत होती. माझाही कॅमेरा चुन्याच्या भट्टीपाशी थांबलेला नाही, कारण मलाही मनोऱ्यावर पोचायची घाई होती. तिथं टाळी मिळते.

आपल्यातले बरेच जण असंच लिहितो, हे मी भांडण करायला सांगत नाही. तो एकटा 'मी' गरजेचा होता. ज्याला कुणी माणूस म्हणत नव्हतं त्यानं आधी 'मी' म्हणायलाच पाहिजे होतं. पण २० मार्च १९२७ ला महाडात तळ्याकडे गेले ते रांगेनं गेले. त्या रांगेत बाबासाहेब पुढं होते आणि मागं हजारो होते. त्या हजारोंना आपापलं नाव, गाव, खोकला होता. तो लिहायचा राहिलाय.

तर सिनेमा बघा. बघू नका असं मी कुणाला सांगणार नाही. येत्या शनिवारी मंडळात पुन्हा लावायचा असं ठरवलंय, माझ्याच हट्टानं. या वेळी चुन्याच्या भट्टीचा प्रसंग आला की बटण दाबून थांबवायचा, आणि त्या पांढऱ्या माणसाबद्दल प्रत्येकानं बोलायचं. तो कुठून आला असेल, संध्याकाळी काय खात असेल, कुणाला जाऊन सांगत असेल. मग पुढं जायचं. ज्यांना रात्रपाळी नाही त्यांनी यावं. बसायला सतरंजी आहे, चहा आपापला.